एकाच एक्झिक्युटेबल फाईलमध्ये प्रोग्राम देताना: गो, रस्ट आणि ग्राहकाचे जुने मशीन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी आणि चाकण भागातील आठ-दहा वर्कशॉपना तुम्ही एक प्रोग्राम देता. तो मोजमापाच्या मशीनने तयार केलेल्या सीएसव्ही फाईली वाचतो, आकडे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवतो, पाळीनिहाय मराठी पीडीएफ अहवाल बनवतो आणि रात्री सारांश तुमच्या सर्व्हरकडे पाठवतो. सध्या तो पायथनमध्ये लिहिलेला असून पायइन्स्टॉलर या साधनाने एका फाईलमध्ये बांधलेला आहे. सुरू व्हायला फार वेळ घेतो आणि अँटिव्हायरस त्याला वरचेवर अडवतो. म्हणून तो गो किंवा रस्ट या भाषेत नव्याने लिहून, काहीही इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाईल द्यावी असे तुमच्या मनात आहे. ग्राहकांकडे बहुतेक ठिकाणी विंडोज १०, दोन ठिकाणी विंडोज ७ आणि एका ठिकाणी उबुंटू १८.०४ आहे. भाषा कोणती घ्यावी आणि अशी फाईल खरोखर कुठेही चालते का, हे तुम्हाला हवे आहे.

तुमच्या कामासाठी मी गो घेईन, आणि सीजीओ, म्हणजे गोच्या प्रोग्रामात सी भाषेचा कोड जोडण्याची सोय, पूर्णपणे बंद ठेवीन. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. एकच फाईल दिली म्हणजे ती कशावरच अवलंबून नाही असे होत नाही. ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या गोष्टी फक्त डोळ्यांआड जातात. ऑपरेटिंग सिस्टीमची किमान आवृत्ती, सी लायब्ररी (प्रोग्राम ज्या पायाभूत फंक्शनवर चालतात तो संग्रह), टाइम झोनची माहिती, फॉन्ट, रूट सर्टिफिकेट (सर्व्हर खरा आहे हे तपासण्याचे मूळ दाखले) आणि अँटिव्हायरसचा विश्वास या सगळ्या गोष्टी तुमच्या लॅपटॉपवर आपोआप हजर असतात, आणि यांपैकी एखादी ग्राहकाकडे नसते. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील छोट्या कारखान्यांना मी अनेक वर्षे असे प्रोग्राम देत आलो आहे. माझे बहुतेक फेरे कोडमधील चुकीमुळे झालेले नाहीत, या न दिसणाऱ्या गोष्टींमुळेच झाले आहेत.

‘एकच फाईल’ या नावाखाली तीन वेगळे प्रकार येतात, ते आधी वेगळे करू. गो, रस्ट आणि झिग या भाषा तुमचा कोड थेट मशीन कोडमध्ये उतरवतात. डेनो आणि बन या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनांच्या कंपाइल आज्ञेने तयार होणाऱ्या फाईलमध्ये तुमच्या स्क्रिप्टसोबत संपूर्ण जावास्क्रिप्ट इंजिन भरलेले असते, त्यामुळे चार ओळींचा प्रोग्रामही पन्नास-साठ एमबीच्या पुढे जातो. तो चालतो उत्तम, पण त्याला लहान म्हणता येत नाही. पायइन्स्टॉलरची ‘वन-फाईल’ रीत तिसऱ्या प्रकारची आहे. ती फाईल म्हणजे एक गाठोडे असते आणि प्रत्येक वेळी सुरू करताना ते टेम्प फोल्डरमध्ये सोडले जाते. तुमचा प्रोग्राम उशिरा उघडतो तो याचमुळे, आणि टेम्पमध्ये डीएलएल (विंडोजच्या लायब्ररी फाईली) उतरवून त्या चालवणारा प्रोग्राम अँटिव्हायरसला संशयास्पद वाटतो तोही याचमुळे.

आता उबुंटूच्या मशीनकडे येतो, कारण ‘माझ्याकडे चालते, तिकडे चालत नाही’ ही तक्रार लिनक्सवर ज्या कारणाने येते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, तुमच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे आणि तुम्ही रस्टमध्ये साधा प्रोग्राम बांधला. रस्टची स्वतःची स्टँडर्ड लायब्ररी फाईलमध्येच येते, पण लिनक्सच्या नेहमीच्या टार्गेटवर (ज्या प्लॅटफॉर्मसाठी बांधायचे तो) सी लायब्ररी, म्हणजे जीलिबसी, बाहेरचीच वापरली जाते. ही फाईल उबुंटू १८.०४ वर नेली की ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि प्रोग्राम सुरूही होत नाही. जीलिबसीमधील फंक्शनना आवृत्तीची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि लिंकर, म्हणजे तुकडे जोडून अंतिम फाईल बनवणारे साधन, बिल्ड मशीनवर सापडणारी सर्वांत नवी चिठ्ठी उचलतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ या आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रामचे मुख्य फंक्शन सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही नवी चिठ्ठी लागली. त्यामुळे तुम्ही कोडमध्ये नवीन काही वापरले नसले, तरी २२.०४ वर, म्हणजे जीलिबसी २.३५ वर बांधलेली फाईल २.२७ असलेल्या १८.०४ वर चालत नाही. उलट दिशेने, म्हणजे जुन्यावर बांधलेले नव्यावर, सहसा बिनतक्रार चालते.

यातून सुटायचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे जुन्या उबुंटूच्या कंटेनरमध्ये, म्हणजे तुमच्याच मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, बिल्ड करणे. दुसरा म्हणजे झिगचा सी कंपायलर लिंकर म्हणून वापरणे. त्याला टार्गेट सांगताना जीलिबसीची आवृत्ती, उदाहरणार्थ २.१७, सोबत लिहिता येते, आणि रस्टसाठी कार्गो-झिगबिल्ड हे साधन तेच काम एका आज्ञेत करून देते. तिसरा म्हणजे मसल ही दुसरी सी लायब्ररी घेऊन सर्व काही फाईलच्या आतच जोडणे. मसल मला आवडते. मात्र तिचा मेमरी अ‍ॅलोकेटर, म्हणजे मेमरी वाटून देणारा भाग, अनेक थ्रेड एकाच वेळी मेमरी मागू लागले की मंदावतो, म्हणून तशा कामात निराळा अ‍ॅलोकेटर जोडावा लागतो. जीलिबसीच स्थिर पद्धतीने आत जोडण्याचा मोह होईल, पण तो टाळा. नावावरून पत्ता शोधण्याचे तिचे काम चालू प्रोग्राममध्ये बाहेरच्या लायब्ररी उघडून होते. त्यामुळे फाईल दिसायला स्वतंत्र असते आणि नेटवर्कच्या पहिल्या हाकेला अडखळते. शिवाय जीलिबसीच्या एलजीपीएल परवान्याच्या अटी वेगळ्याच.

गोमध्ये हा प्रश्न बराचसा उद्भवत नाही, कारण गोने बांधलेला प्रोग्राम लिनक्सवर थेट कर्नलशी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याशी, बोलतो. तरीही एक खोच आहे. सीजीओ सुरू असेल आणि प्रोग्रामात नेटवर्कचे पॅकेज असेल, तर नावे शोधण्यासाठी गो जीलिबसीशी जोडले जाते. दुसऱ्या प्लॅटफॉर्मसाठी क्रॉस-कंपाइल करताना मात्र सीजीओ आपोआप बंद होतो. म्हणजे तोच सोर्स विंडोजवर बसून लिनक्ससाठी बांधला तर पूर्ण स्वतंत्र फाईल मिळते आणि उबुंटूच्या लॅपटॉपवर बांधला तर जीलिबसीला बांधलेली मिळते. म्हणून नशिबावर न सोडता बिल्ड स्क्रिप्टमध्ये सीजीओ-एनेबल्ड शून्य असे स्पष्ट लिहा आणि तयार फाईलवर एकदा एलडीडी (फाईल कोणत्या बाहेरच्या लायब्ररी मागते ते दाखवणारी आज्ञा) चालवून खात्री करून घ्या. याची किंमत म्हणजे एसक्यूलाइटचे सर्वांत प्रचलित पॅकेज सीजीओ मागते, ते सोडावे लागेल. एसक्यूलाइटचा सी कोड यंत्राने गोमध्ये उतरवून तयार केलेले मॉडर्नसीचे पॅकेज घ्या. ते मूळ सी कोडपेक्षा थोडे संथ आहे, पण एका पाळीतील काही हजार मोजमापांना तो फरक जाणवत नाही.

विंडोज ७ ही तुमची खरी अडचण आहे. गो १.२० ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या १.२१ पासून किमान विंडोज १० किंवा सर्व्हर २०१६ लागते. रस्टनेही मे २०२४ मधील १.७८ पासून आपल्या मुख्य टार्गेटसाठी हीच रेषा आखली आहे. नव्या कंपायलरने बांधलेली फाईल जुन्या विंडोजवर नेली तर ‘प्रोसीजर एंट्री पॉइंट सापडला नाही’ अशा धर्तीची चौकट येते आणि सुपरवायझर तिचा फोटो काढून तुम्हाला पाठवतो. गो १.२० ने वेगळे बिल्ड करणे शक्य आहे, पण त्या आवृत्तीला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. असा प्रोग्राम, दुरुस्त्या कधीच थांबलेल्या विंडोजवरून, रोज इंटरनेटवर जावा हे मला मान्य नाही. अशा ठिकाणी मी जुन्या मशीनवर काहीच चालवत नाही. मोजमापाच्या मशीनचे सॉफ्टवेअर विंडोज ७ शिवाय चालत नसेल तर ते तसेच राहू द्यावे, त्याचे सीएसव्ही फोल्डर कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर वाचण्यापुरते खुले करावे, आणि तुमचा प्रोग्राम ऑफिसमधल्या विंडोज १० च्या मशीनवरून ते वाचेल अशी मांडणी करावी. मालकांना हे पटवायला एक चहा पुरतो, कारण त्यांचेही मशीन बंद पडू नये एवढेच मागणे असते.

रस्ट निवडलेच, तर विंडोजसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या टूलचेनने (बांधणीच्या साधनांच्या संचाने) बांधलेली रस्टची फाईल व्हीसी-रनटाइम-१४० ही डीएलएल मागते. तुमच्याकडे व्हिज्युअल स्टुडिओ असल्यामुळे ती असतेच. नव्या मशीनवर ती नसू शकते. ‘सीआरटी-स्टॅटिक’ हे टार्गेट फीचर चालू केले की प्रश्न मिटतो.

टाइम झोनचा किस्सा सविस्तर सांगतो, कारण तो तुमच्या अहवालाशी थेट संबंधित आहे. भोसरीतल्या एका वर्कशॉपला मी गोमध्ये लिहिलेला पाळीचा अहवाल दिला होता. सर्व्हरकडे वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) जात असे आणि छापताना ‘एशिया/कोलकाता’ हे नाव देऊन भारतीय वेळ काढली जात असे. माझ्याकडे महिनाभर उत्तम चालले. तिकडे पहिल्याच संध्याकाळी अहवालाचे बटण दाबताच खिडकी बंद झाली. कारण असे होते: लिनक्सवर टाइम झोनची माहिती सिस्टीममध्ये असते; विंडोजवर ती त्या स्वरूपात नसते, म्हणून गो ती स्वतःच्या इन्स्टॉलेशनमधील झिप फाईलमधून घेते. माझ्या मशीनवर गो इन्स्टॉल केलेले होते, ग्राहकाच्या मशीनवर ते असण्याचे कारणच नव्हते. नाव सापडले नाही, आलेली एरर मी तपासली नव्हती, आणि रिकामे लोकेशन वापरताच प्रोग्राम कोसळला. उपाय अगदी लहान आहे. टाइम-टीझेडडेटा हे पॅकेज इम्पोर्ट केले की सगळी माहिती फाईलमध्येच येते आणि आकार सुमारे ४५० केबीने वाढतो. तुमचे सगळे ग्राहक भारतातच असतील तर तेही नको. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे करण्याची पद्धत नाही, म्हणून १९८०० सेकंदांचा स्थिर झोन, म्हणजे साडेपाच तास, पुरेसा आहे.

याच जातीची दुसरी चूक फाईलींच्या मार्गाची. टेम्प्लेट, लोगो, फॉन्ट ही मंडळी एक्झिक्युटेबलच्या शेजारी ठेवून चालू फोल्डरवरून शोधू नका. रात्रीचे काम टास्क शेड्यूलरवर लावले आणि ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा सोडला, तर प्रोग्रामचे चालू फोल्डर सिस्टम-३२ असते आणि तुमचा लोगो तिथे नसतो. गो १.१६ पासून एम्बेड, म्हणजे इतर फाईली एक्झिक्युटेबलमध्येच भरण्याची, सोय भाषेतच आहे. वाचायच्या सगळ्या फाईली तिच्यात टाका. लिहायच्या फाईली, म्हणजे डेटाबेस आणि लॉग, ठरावीक डेटा फोल्डरमध्ये ठेवा. विंडोजच्या ‘प्रोग्राम फाईल्स’ फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही.

मराठी अहवालाबद्दल तुम्ही फारसे विचारलेले नाही, पण माझ्या मते तुमचे सर्वांत जास्त दिवस इथेच जातील. गोमधील अनेक पीडीएफ लायब्ररी युनिकोड फॉन्ट घेतात, पण अक्षरांची जुळणी करत नाहीत. त्या एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधील सुटे चिन्ह) क्रमाने मांडत जातात. मग ‘दिनांक’ या शब्दातील वेलांटी द च्या आधी न येता नंतर येते आणि ना वर झुकलेली दिसते, ‘व्यास’ मध्ये व चा पाय मोडलेला दिसतो आणि त्याला य वेगळा उभा राहतो, ‘वर्कशॉप’ मधला रफार क च्या डोक्यावर चढतच नाही. तपासणीच्या अहवालावर ‘व्यास’ असा तुटलेला पाहून गुणवत्ता विभागातील माणसाचा आकड्यांवरचाही विश्वास उडतो, आणि त्याचे चुकत नाही. ही जुळणी करण्याचे काम हार्फबझ ही लायब्ररी करते. तिचे रस्टमधील रूप रस्टीबझ या नावाने आहे आणि गोमध्ये गो-टेक्स्टच्या टाइपसेटिंग पॅकेजात तिचे रूपांतर आहे. मात्र अक्षरांची जागा काढण्यापासून ती पीडीएफमध्ये बसवण्यापर्यंतचा सांधा तुम्हालाच जोडावा लागतो.

मी स्वतः वेगळा मार्ग घेतो. अहवाल एचटीएमएलमध्ये बनवतो, मुक्ता हा फॉन्ट त्या पानातच भरतो, आणि विंडोज १० वर असलेल्या एज ब्राउझरला पडद्यावर न आणता त्याच्याकडून पीडीएफ छापून घेतो. मुक्ता ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, त्यामुळे तो प्रोग्रामसोबत देता येतो. यात एजवर अवलंबून राहावे लागते, हे मला मान्य आहे. पण ते उघड अवलंबन आहे. एज सापडला नाही तर प्रोग्राम तसे स्पष्ट मराठीत सांगतो आणि एचटीएमएल अहवाल तरी हाती राहतो. उबुंटूच्या मशीनवर तेच पान फायरफॉक्समध्ये उघडून छापता येईल.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. विंडोजवर गो सर्व्हरचे सर्टिफिकेट सिस्टीमकडूनच तपासून घेते आणि तेच ठेवा. रस्टमध्ये रूट सर्टिफिकेटची यादी फाईलमध्येच भरण्याची सोय आहे. जुन्या, अद्ययावत न झालेल्या मशीनवर ती उपयोगी पडते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या जुन्या साखळीतील डीएसटी रूट एक्स३ ची मुदत संपली तेव्हा अशी मशीने एकदम मुकी झाली होती. मात्र मोठ्या कंपन्यांच्या आवारात प्रॉक्सी (इंटरनेटची वाहतूक जिच्यातून जाते ती मधली यंत्रणा) स्वतःचे सर्टिफिकेट लावते आणि ते तुमच्या बंदिस्त यादीत नसते, हे चाकणमध्ये काम करताना लक्षात ठेवावे लागते.

आता अँटिव्हायरस. गोमध्ये लिहिल्याने तुमचा त्रास कमी होईल, संपणार नाही. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही हे मान्य केलेले आहे की, विंडोजवरील अँटिव्हायरस गोच्या फाईलींना चुकून संसर्गित ठरवतात, कारण त्यांची रचना त्यांच्या नेहमीच्या ओळखीची नसते. आकार कमी करण्यासाठी लिंकरला डीबगची माहिती वगळायला सांगा, एवढे पुरे. यूपीएक्स या आकार आवळणाऱ्या साधनाने फाईल आवळू नका. मालवेअर लिहिणारेही तेच साधन वापरतात आणि आवळलेली फाईल पाहून अँटिव्हायरस आधी हात उगारतो. चार एमबी वाचवून गेलेला विश्वास परत येत नाही.

अनोळखी फाईल उघडताना विंडोजच्या स्मार्टस्क्रीनकडून येणारा इशारा हा वेगळा विषय आहे आणि त्याची चाचणी बहुतेक जण चुकीची करतात. ब्राउझरने उतरवलेल्या फाईलला विंडोज ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी खूण जोडते. ही खूण एनटीएफएस फाईल सिस्टीमच्या एका उपप्रवाहात असते. पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट असेल तर ती खूण तिच्यावर उतरतच नाही. तुम्ही पेनड्राइव्हने फाईल नेऊन बसवता तेव्हा काही इशारा येत नाही. पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती लिंकवरून उतरवून घ्यायला सांगता आणि निळी चौकट पाहून तिकडचा माणूस घाबरून फोन करतो. म्हणून चाचणी लिंकवरूनच करा. टिकाऊ उपाय कोड साइनिंगचा, म्हणजे फाईलवर डिजिटल सही करण्याचा आहे, मात्र सही केली तरी नव्या फाईलवर सुरुवातीला इशारा येऊ शकतो. १ जून २०२३ पासून साइनिंगची खासगी किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे यूएसबी टोकन किंवा क्लाउडवरील साइनिंग सेवा, यांपैकी एकाचा खर्च वार्षिक करारात धरा. सही करताना टाइमस्टँप जोडायला विसरू नका. तो नसेल तर सर्टिफिकेटची मुदत संपताच जुन्या फाईलींवरची सहीही निकामी होते.

सगळे आत जोडल्याची एक जबाबदारीही तुमच्याकडे येते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतील हार्टब्लीड ही सुरक्षेची त्रुटी उघड झाली तेव्हा सामायिक लायब्ररी वापरणाऱ्यांना सिस्टीमचे एक अपडेट आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करणे पुरले; ज्यांनी ती आपल्या फाईलमध्ये जोडली होती त्यांना नव्याने बांधून प्रत्येक ग्राहकाकडे पोहोचवावे लागले. तुमचीही स्थिती तीच असेल. गव्हल्नचेक हे पॅकेजमधील ज्ञात सुरक्षा-त्रुटी शोधणारे गोचे अधिकृत साधन दर आठवड्याला चालवा. तयार एक्झिक्युटेबलवरही ते चालते. ग्राहकाकडे नेमके काय आहे हे पाहायला ‘गो व्हर्जन -एम’ ही आज्ञा तयार फाईलमधून सर्व पॅकेजच्या आवृत्त्या वाचून दाखवते.

अपडेटची सोय पहिल्याच आवृत्तीत हवी, नंतर जोडू म्हटले की तीच पोहोचवण्यासाठी सगळ्या ठिकाणी जावे लागते. विंडोजवर चालू असलेल्या फाईलवर लिहिता येत नाही, पण तिचे नाव बदलता येते. म्हणून नवी फाईल शेजारी उतरवा, ईडी-२५५१९ पद्धतीच्या डिजिटल सहीने ती तुमचीच असल्याचे तपासा (हे गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे), जुनीचे नाव बदला, नवी तिच्या जागी ठेवा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. बदललेल्या नावाची जुनी फाईल लगेच पुसू नका. नवी आवृत्ती सुरूच झाली नाही तर सुपरवायझरला फोनवर ती परत जागेवर ठेवायला सांगता येते.

चाचणीसाठी तुमचा लॅपटॉप वापरू नका. विंडोज १० प्रोमध्ये विंडोज सँडबॉक्स आहे. तो प्रत्येक वेळी कोरी करकरीत विंडोज उघडून देतो, त्यात गो नाही, व्हिज्युअल स्टुडिओ नाही, काहीच नाही. तिथे लिंकवरून फाईल उतरवून संपूर्ण पाळीचा अहवाल छापून पाहा. नंतर एका ग्राहकाला विचारून भोसरीच्या गुरुवारच्या सुट्टीत त्यांच्या प्रत्यक्ष मशीनवर तेच करा. उत्पादन बंद असते, त्यामुळे कोणाचा खोळंबा होत नाही आणि तुम्हालाही निवांत पाहता येते.

हे सगळे नव्याने लिहायला तुम्हाला दोन-तीन महिने सहज लागतील. तोवर सध्याच्या पायथन प्रोग्रामला ‘वन-फाईल’ऐवजी ‘वन-डिर’ रीतीने बांधा, म्हणजे सुटे फोल्डर तयार होईल, आणि ते साध्या इन्स्टॉलरमधून द्या. टेम्पमध्ये गाठोडे सोडणे बंद झाल्याने प्रोग्राम लवकर उघडेल आणि अँटिव्हायरसच्या तक्रारीही बऱ्याच कमी होतील. एवढे तुम्हाला याच आठवड्यात करता येईल.